निकालानंतर दगड पडले, तर चौकशी मागायची कोणाकडे?

ग्रामपंचायतीची मतमोजणी होते तालुक्याला आणि तिचे भांडण येते गावात. राजगुरुनगरला मोजणी असली की सकाळपासून जीपा लागतात, गुलालाची पोती उतरतात, बाहेर रस्त्यावर पोरे आकडे ओरडत असतात. कोणी तीन मतांनी निवडून येतो, कोणी तीन मतांनी पडतो. कधी दोघांची मते सारखी होतात आणि चिठ्ठी टाकून निकाल लागतो. जिंकलेला ट्रॅक्टरवर चढतो. पडलेला म्हणतो, "मशीनच बदललं." संध्याकाळी मिरवणूक गावात शिरते, मुद्दाम पडलेल्याच्याच आळीतून फिरते, डीजेचा आवाज वाढतो, आणि मग पहिला दगड कोठून आला हे पुढची दहा वर्षे कोणी सांगू शकत नाही.

वाचकहो, हे चित्र तुम्हांला सांगायला नको. तुमच्यापैकी काही जण त्या ट्रॅक्टरवर होते, काही त्या आळीत होते, आणि जे पोलीस पाटील आहेत ते मध्ये उभे होते. आजचा विषय दगड पडल्यानंतरचा आहे. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू एकच मागणी करतात, "निष्पक्ष चौकशी झालीच पाहिजे." पण ही चौकशी कोण नेमतो, कोणत्या कायद्याने, तिच्यापुढे काय ठेवायचे आणि तिच्यातून काय निघू शकते, हे फार थोड्यांना माहीत असते. निवेदन तहसीलदारांना दिले, फोटो काढला, पेपरात आला, संपले. असे होऊ नये म्हणून हा लेख.

चाकण पट्ट्यात हा प्रश्न इतर तालुक्यांपेक्षा जास्त धारदार आहे. एके काळी सरपंचपद म्हणजे दिवाबत्ती, नळपाणी आणि पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या बाजूला कारखाने आले आणि ग्रामपंचायतीच्या तिजोरीत कंपन्यांची घरपट्टी येऊ लागली. त्यापाठोपाठ भंगाराचे ठेके, कामगार पुरवण्याचे ठेके, गाड्या लावणे, टँकर, कँटीन. यातले काहीही कायद्याने सरपंचाच्या हातात नाही, पण गावात ज्याचा शब्द चालतो त्याला कंपनीच्या गेटवर मान असतो, एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इथली तीन मते महाग असतात. त्यात सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, याचा कायदाही स्थिर राहिला नाही. २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. थेट निवडीत सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे असा प्रकार अनेक गावांत होतो. मग निकालाच्या दिवशी दोन्ही गट गुलाल उधळतात, आणि दोघांनाही वाटते की आपणच जिंकलो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. २० डिसेंबरला निकाल लागले आणि त्याच दिवशी जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातल्या टाकळी खुर्द गावी दगडफेक होऊन एक कार्यकर्ता मृत्युमुखी पडला. ग्रामपंचायतीची निवडणूक, काही शे मतांचे गाव, आणि घरातला माणूस गेला.

मतांची तक्रार वेगळी, मारहाणीची वेगळी

पहिली चूक इथे होते. लोक एकाच अर्जात लिहितात की मोजणीत घोटाळा झाला आणि आमची घरेही फोडली. तहसीलदार म्हणतात, मोजणीचे कोर्टात जा. पोलीस म्हणतात, हा निवडणुकीचा वाद आहे. अर्ज दोघांच्या मध्ये पडून राहतो.

मोजणीचा आक्षेप असेल तर फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधी, तिथल्या तिथे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी द्यावा लागतो. निकाल जाहीर झाला की त्या अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. त्यानंतर एकच दार उघडे असते. ते म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १५. निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशापुढे निवडणूक अर्ज. सोळाव्या दिवशी गेलात तर कितीही खरे असलात तरी उपयोग नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-ओ प्रमाणे पंचायतीची निवडणूक दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कोर्टात आव्हान देता येत नाही. मोर्चा काढून तर नाहीच नाही.

गावाने आपल्या आपणच शहानिशा करायची म्हटली तर काय होते, ते सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने पाहिले. माळशिरस तालुक्यातले हे गाव. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात गावाची मते आपल्या अंदाजाप्रमाणे पडली नाहीत असे गावकऱ्यांच्या एका मोठ्या गटाला वाटले. त्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता, तरीही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी कागदी मतपत्रिकेवर गावातच पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लागली, पोलीस बंदोबस्त आला, मतदान झाले नाही आणि वर गुन्हे दाखल झाले. गावकऱ्यांची शंका बरोबर की चूक, हा निराळा विषय. पण ती तपासण्याचा अधिकार ज्याला आहे त्याच्यापुढे ती गेली तरच तिला कागदावर किंमत येते.

मतांची आणि मारहाणीची चौकशी वेगळी ठेवण्याचे उत्तम उदाहरण आपल्याला दूर आफ्रिकेत सापडते. केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ३० तारखेला निकाल जाहीर होताच देश पेटला. अकराशेवर माणसे मेली, लाखो बेघर झाली. सर्वांत जास्त आग लागली ती रिफ्ट व्हॅलीत, शेतीच्या पट्ट्यात. तिथे जमिनीचे जुने वाद होतेच, निवडणुकीने त्याला काडी लावली. (आपल्याकडे बांधाचे भांडण निवडणुकीत निघते, तसेच समजा.) पुढे तडजोड झाली तेव्हा दोन स्वतंत्र आयोग नेमले गेले. मोजणीचा आयोग दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायमूर्ती क्रिग्लर यांच्याकडे, आणि हिंसाचाराचा आयोग केनियाचेच न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्याकडे. वाकींबरोबरचे दोन सदस्य मात्र परदेशी होते, एक न्यूझीलंडचा आणि एक काँगोचा. म्हणजे कोणत्याही स्थानिक जमातीचा नाही. क्रिग्लर यांनी सांगितले की मोजणीचा गोंधळ इतका होता की खरे कोण जिंकले हे आता कळणे शक्य नाही. वाकींना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. कोणीही जिंकलेले असो, माणसे कोणी मारली आणि मारू दिली, एवढेच त्यांनी शोधले.

हे वाक्य गावातल्या दोन्ही गटांनी ध्यानात घ्यावे. मोजणी खोटी असली तरी घर जाळणे माफ होत नाही. आणि मोजणी खरी असली तरी जिंकलेल्याला दुसऱ्याच्या आळीत दगड मारायचा परवाना मिळत नाही.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

आपल्या भागातला जो अनुभव सर्वांना आठवतो तो निवडणुकीचा नाही, पाण्याचा आहे. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंद नळाने थेट पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले होते. आजवर पाणी नदीत सोडून रावेतला उचलले जात होते. नदीकाठच्या मावळातल्या शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते. पाणी नळात गेले की नदी कोरडी, नदी कोरडी की काठावरच्या मोटारी बंद, आणि वर नळासाठी जमीनही आमचीच. त्या दिवशी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी ठार झाले. दोन पुरुष, एक बाई. आजही दर ९ ऑगस्टला मावळात त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते.

त्या वेळी मावळातल्या लोकांनी न्यायालयीन चौकशी मागितली, ती का, हे नीट पाहा. गोळी पोलिसांची होती. मग पोलिसांच्याच तपासावर विश्वास कसा ठेवायचा? प्रकल्प महापालिकेचा, मंजुरी सरकारची, महसूल खाते जमीन घेणारे. म्हणजे ज्यांच्याकडे एरवी तक्रार करायची, ते सगळे या ना त्या नात्याने या भांडणातले पक्ष. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. प्रकल्प स्थगित झाला आणि ती स्थगिती २०२३ साली उठवली गेली. बारा वर्षे! मधल्या काळात, २०१९ च्या मावळ लोकसभा निवडणुकीत, हा गोळीबार प्रचाराच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा निघाला. चौकशी आयोग नेमला म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही, हे मावळाला कोणी शिकवायला नको.

तर स्वतंत्र या शब्दाचा अर्थ हा. ज्यांच्या वागण्याची तपासणी व्हायची, त्यांच्या हाताखालचा माणूस तपासणीला नको. निवडणुकीच्या हिंसाचारात तर हे आणखी अवघड, कारण जिंकलेला पक्ष वरही सत्तेत असू शकतो.

पश्चिम बंगालमध्ये नेमके हेच घडले. २ मे २०२१ ला विधानसभेचा निकाल लागला आणि हरलेल्यांच्या घरांवर हल्ले झाल्याच्या तक्रारी गावोगावहून आल्या. लोक कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. पाच न्यायाधीशांच्या पीठाने १८ जूनला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला समिती नेमून प्रत्यक्ष गावात जायला सांगितले. समितीने १३ जुलैला अहवाल दिला. तेव्हा राज्य सरकारने आक्षेप घेतला की समितीतले काही सदस्यच दुसऱ्या पक्षाचे आहेत. आक्षेप बरोबर की नाही ते बाजूला ठेवा, पण तो निघाला, आणि त्याने अहवालाच्या किमतीवर वाद झाला. १९ ऑगस्टला न्यायालयाने काम वाटून दिले. खून आणि बलात्काराचे गुन्हे सीबीआयकडे, बाकीचे विशेष तपास पथकाकडे, आणि त्या पथकावर देखरेखीला निवृत्त न्यायाधीश. पुढे ही देखरेख मंजुळा चेल्लूर यांच्याकडे आली. त्या कलकत्त्याला आणि नंतर मुंबईला, दोन्ही उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्ती होत्या.

निकालापासून या आदेशापर्यंत साडेतीन महिने गेले. आपल्याकडच्या चौकश्यांच्या मानाने हे वेगानेच झाले म्हणायचे.

आयोगाला दात किती?

आयोग नेमण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्य सरकारला आहे, चौकशी आयोग अधिनियम १९५२ प्रमाणे. कलेक्टर आयोग नेमू शकत नाहीत, झेडपी नाही, आमदार तर नाहीच. त्यामुळे मागणीचा पत्ता मुंबईचा, गृह विभागाचा. आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात. तो साक्षीदाराला समन्स काढतो, शपथेवर जबानी घेतो, ठाण्याची डायरी मागवतो. ज्याच्या नावाला अहवालाने बट्टा लागू शकतो त्याला बाजू मांडायची आणि वकिलामार्फत उलटतपासणी घ्यायची संधी द्यावीच लागते. मग तो फौजदार असो की सरपंच.

आपल्या गड्यांना सर्वांत जास्त भीती वाटते ती पुढची. "आयोगापुढं खरं बोललो आणि उद्या तेच माझ्यावर उलटलं तर?" कायद्याने त्याची तरतूद केली आहे. कलम ६ प्रमाणे आयोगापुढे दिलेली जबानी तुमच्याविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. खोटे बोललात तर मात्र त्याचा खटला होतो. हे गावात मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे आहे, कारण प्रत्यक्ष पाहणारे दहा असतात आणि बोलणारा एकही नसतो.

आता कमी पडणारी बाजू. आयोग शिक्षा देत नाही. तो सत्य काय ते सांगतो आणि शिफारस करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली दालमिया खटल्यात हे स्पष्ट केले. त्या खटल्याला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांचे नाव लागले आहे, कारण दालमियांच्या कंपन्यांच्या चौकशीचा आयोग त्यांच्याकडे होता. अहवाल सरकारने सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली त्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. ठेवला की तो सार्वजनिक होतो. म्हणजे आयोगाबरोबर गुन्हा दाखल असणे, तपास चालू असणे, हे हवेच. आयोग नेमला म्हणून फिर्याद मागे ठेवली, तर हाती फक्त जाड पुस्तक येते.

आणि ज्याने नेमले तोच मोडूही शकतो. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींसाठी जानेवारी १९९३ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला गेला. सरकार बदलले आणि जानेवारी १९९६ मध्ये नव्या सरकारने तो गुंडाळला. त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा सुरू करावा लागला. अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ ला आला. नेमणुकीपासून पाच वर्षे. आपल्या जवळचे उदाहरण कोरेगाव भीमाचे. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर फेब्रुवारीत निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल आणि माजी मुख्य सचिव सुमित मल्लिक यांचा आयोग नेमला, मुदत दिली चार महिन्यांची. त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली आणि साक्षी वर्षानुवर्षे चालल्या. चार महिने म्हटले की हिशोबात चार वर्षे धरून चाला.

केनियाच्या वाकींनी यावर एक शक्कल काढली होती. अहवाल ऑक्टोबर २००८ मध्ये दिला, पण मुख्य संशयितांची नावे त्यात छापली नाहीत. ती लखोट्यात बंद करून मध्यस्थ कोफी अन्नान यांच्याकडे दिली. सरकारने स्वतः विशेष न्यायालय स्थापले नाही तर लखोटा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे जाईल, असे सांगून ठेवले. सरकारने न्यायालय स्थापले नाही आणि जुलै २००९ मध्ये लखोटा गेला. सहा बड्यांवर प्रकरणे चालली. पण साक्षीदार फिरले, पुरावा तुटला. त्या सहांतले एक २०१३ साली देशाचे अध्यक्षच झाले आणि २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले. इतकी हुशारी करूनही शेवटी अडले ते साक्षीदारापाशी.

इतर दारे

प्रत्येक भांडणाला आयोग मिळत नाही, मागूही नये. घटना एका गावापुरती असेल तर ही दारे आधी वाजवा.

फिर्याद हे पहिले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद घ्यायची. ठाण्याने नाकारली तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला पोस्टाने लेखी, आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज.

आपल्या पट्ट्यात वरिष्ठ कोण, यात घोटाळा होतो. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकणची औद्योगिक गावे त्याच्याखाली गेली. राजगुरुनगर अजून ग्रामीण पोलिसांकडे. म्हणजे तुमचा तहसीलदार खेडचा आणि पोलीस आयुक्तालयाचे. आयुक्तालयाच्या हद्दीत जमावबंदीचे अधिकारही पोलिसांकडेच असतात. त्यामुळे तक्रार पोलिसांच्या वागण्याबद्दल असेल, तर ती पोलिसांकडेच देऊन गप्प बसणे भोळेपणाचे आहे. त्यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, आणि राज्य मानवी हक्क आयोग आहे. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत गेले पाहिजे. आणि सर्वांत वर उच्च न्यायालय. कलम २२६ खाली रिट करून विशेष तपास पथक मागता येते, बंगालमध्ये मागितले तसे.

तंटामुक्त समितीचे काय, असे कोणी विचारील. १५ ऑगस्ट २००७ पासून ही मोहीम आली आणि बांधाचे, भावकीचे पुष्कळ तंटे तिने मिटवले, हे कबूल. पण निवडणुकीच्या वेळी समितीचा अध्यक्षच बहुधा एका पॅनेलचा असतो. आणि डोके फोडणे, घर पेटवणे हे देवळात बसून मिटवायचे गुन्हे नव्हेत.

पहिले आठ दिवस

चौकशी कोणतीही असो, ती चालते पहिल्या आठ दिवसांत गोळा झालेल्या कागदांवर. वर्षभराने न्यायमूर्ती आले तेव्हा गुलाल धुऊन गेलेला असतो.

पोलीस पाटलांनी घटनेचा अहवाल त्याच रात्री लिहावा, वेळेसह. मिरवणूक किती वाजता कोठे होती, ठाण्याला फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली. तो कागद पुढे सोन्याच्या मोलाचा होतो, आणि कोणाच्या दबावाने दोन दिवसांनी लिहिलेला असेल तर मातीच्या. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांनी नुकसानीचा पंचनामा दोन्ही आळ्यांत करावा. ज्याच्या बाजूचा सरपंच आला त्याच्याच आळीत पंचनामा झाला, ही तक्रार फार जुनी आहे. पंच दोन्ही गटांचे घ्या, निदान भांडणात नसलेले तरी घ्या.

जखमीला खासगी दवाखान्यात टाके घालून घरी नेऊ नका. ग्रामीण रुग्णालयात न्या आणि पोलीस केस म्हणून नोंद करायला लावा. मोबाइलवरचे चित्रीकरण ज्या फोनवर केले तो फोन जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली कापलेली चित्रफीत कोर्टात अडते, मूळ फोन आणि त्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्या भागात आणखी एक साक्षीदार आहे जो फिरत नाही. कंपन्यांच्या गेटवरचे, पेट्रोल पंपावरचे, टोलनाक्यावरचे कॅमेरे. पण त्यांच्यातले जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. म्हणून दुसऱ्याच दिवशी कंपनीला आणि ठाण्याला लेखी पत्र द्या की अमुक तारखेचे, अमुक वेळेचे चित्रण राखून ठेवावे.

शेवटची गोष्ट पोरांची. फिर्यादीत पाच नावे लिहितात आणि पुढे "व इतर पन्नास ते साठ इसम". या इतरांत पुढे कोणाचेही नाव घुसते. कामावर गेलेला पोरगा, पाहुण्याकडे गेलेला पोरगा. ३० जुलै २०१८ ला चाकणला आंदोलनाच्या दिवशी बस जळाल्या, पोलीस जखमी झाले, आणि त्यानंतर मोठ्या संख्येने अनोळखी लोकांवर गुन्हे दाखल झाले. तेव्हा कित्येक आयांनी महिनोन्महिने झोप घेतली नव्हती. आपल्याकडे पोराची ठेक्यातली नोकरीसुद्धा पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीवर असते. एक गुन्हा लागला की गेटपास बंद. म्हणून ज्याचा पोरगा त्या वेळी पाळीवर होता त्याने हजेरीची नोंद, बसचा पास, गेटवरची एंट्री त्याच आठवड्यात मिळवून ठेवावी. आणि ज्याचा पोरगा खरोखर दगड मारत होता त्याने इतर पन्नासांच्या आड लपू नये. त्याच्यामुळे शेजारच्याची नोकरी जाते.

ठराव असा लिहा

दोन्ही गट एकत्र येऊन ग्रामसभेत ठराव करू शकले, तर त्याला जे वजन येते ते दहा निवेदनांना येत नाही. अवघड आहे, ठाऊक आहे. पण चौकशी मागायला हरकत नसावी, कारण दोघांचेही म्हणणे आपण निर्दोष आहोत असेच असते. मजकूर साधारण असा असावा.

"दिनांक अमुक रोजी ग्रामपंचायत निवडणुकीच्या निकालानंतर गावात झालेल्या हिंसाचाराची चौकशी गावातील कोणत्याही गटाशी, संबंधित पोलीस ठाण्याशी व तालुक्यातील महसूल कार्यालयाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यामार्फत अथवा निवृत्त न्यायाधीशामार्फत व्हावी. चौकशीत पुढील मुद्दे असावेत. घटना कशी व केव्हा घडली. जबाबदार कोण. पोलिसांना आगाऊ माहिती होती काय व बंदोबस्त पुरेसा होता काय. मिरवणुकीला परवानगी होती काय, मार्ग कोणता ठरला होता. नुकसान किती व कोणाचे. चौकशी तीन महिन्यांत पूर्ण व्हावी, साक्षीदारांना संरक्षण मिळावे व अहवालाची प्रत ग्रामपंचायतीस मिळावी. निवडणुकीच्या निकालाबाबतचा वाद या चौकशीचा विषय नाही."

शेवटचे वाक्य गाळू नका. ते असले की जिंकलेला गटही सही करायला बिचकत नाही.

मुद्द्यांची यादी का हवी, ते सांगतो. चौकशी करणारा नेमून दिलेल्या मुद्द्यांच्या बाहेर जात नाही. "घटनेची चौकशी करावी" एवढेच लिहिले आणि सरकारने तेवढेच उचलले, तर पोलिसांची गाडी दोन तास उशिरा का आली, हे कोणी विचारणारच नाही.

ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून घ्या. एक प्रत गृह विभागाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस आयुक्तांना किंवा अधीक्षकांना, तुमचे गाव ज्यांच्या हद्दीत असेल त्यांना. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, हातोहात दिली तर पोच घ्या. पोचेवर तारीख स्पष्ट आहे ना, ते बघूनच कार्यालयाची पायरी उतरा.